वास नसलेला हात

उकड्या तांदळाची पेज उतू जायला आली की तिचा गोडसर वास सुटतो. आज यांचा ताप उतरला म्हणून विरारच्या फ्लॅटमध्ये पेज ठेवली, आणि त्या वासाने मला थेट अर्नाळ्याच्या आमच्या घरात नेऊन बसवलं.

बाबांना कावीळ झाली होती. जन्मभर समुद्रावर गेलेला माणूस, आणि डॉक्टरांनी मासळी बंद केलेली. आई पेजेची वाटी घेऊन आली की ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. घरात म्हावऱ्याचा वाससुद्धा नको म्हणून आम्हा पोरांना तिने शेजारच्या मावशीकडे जेवायला धाडलं होतं.

एका दुपारी बाबा चिडले. "मला नुसतं तांदळाचं पानी पाजतेस, नि तू काय जेवलीस?"

"म्हावरं जेवले. कोलंबीचं कालवण," आई म्हणाली.

बाबांनी तिचा उजवा हात ओढून नाकाशी नेला. एरवी बाजारात मासळी विकून कितीही धुतला तरी वास न जाणारा तो हात. बाबा आजारी पडल्यापासून ती बाजारातही गेली नव्हती. बाबांनी तो हात सोडला आणि वाटी उचलून एका दमात पेज प्यायले.

मला तेव्हा वाटलं, मासळीच्या आठवणीने ते आईच्या बोटांत म्हावऱ्याचा वास शोधतायत.

आता मी यांच्या हातात वाटी दिली. फुंकर मारत यांनी विचारलं, "तू जेवलीस ना?"

"जेवले की, बोंबील," म्हटलं, आणि हात पाठीमागे घेतला.