फुटक्या भात्याचा कॅमेरा

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. हैदराबादेत शिकून मी आमच्या घरातला पहिला बी.ए. झालो होतो आणि परभणीच्या शाळेत गणित शिकवत होतो. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो, कारण वडिलांना सहीसुद्धा येत नव्हती आणि आमच्या गावी, बोरीत, गल्लीत कचेरीचा उर्दू कागद आला की लोक माझीच वाट बघायचे. शिकण्याच्या नादात लग्न राहिलं. धाकट्या भावाचं आधी झालं. दुसरा नाद लागला तो फोटोचा.

कॅमेरा कॉलेजातल्या एका प्रोफेसरांचा. हैदराबाद सोडताना त्यांनी तो मला देऊन टाकला. तीन पायांच्या घोडीवर उभा राहणारा. पुढे भिंग, मागे काचेची प्लेट आणि दोन्हींच्या मधे बाजाच्या पेटीसारखा चामड्याचा भाता. त्या भात्याच्या घड्यांवर बारीक भोकं पडली होती. त्यांतून उजेड शिरायचा आणि फोटोवर पांढरे फराटे उठायचे. मी ठिगळं लावली, काळी शाई फासली. एक भोक बुजवलं की दुसरं पडायचं. शेवटी युक्ती काढली. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून चित्र जमवतो आणि मग बाहेर येऊन फोटो काढतो. मी बाहेर येतच नसे. कापड सगळ्या भात्यावर पांघरायचं, आतच राहून प्लेट सरकवायची आणि तिथूनच भिंगाची झडप उघडणारा रबरी फुगा दाबायचा. फोटो स्वच्छ यायचा, मी मात्र घामानं निथळायचो.

आई म्हणायची, "त्या डबड्यासंगंच लगीन लाव आता. सारखं त्याच्यावर पांघरूण घालायलायस."

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका मित्राकडे गळ्यात अडकवायचा, रिळाचा कॅमेरा होता. तो संक्रांतीनंतर हैदराबादला जाणार होता, आणि तिथला एक दुकानदार माझ्या जुन्याच्या बदल्यात तसाच कॅमेरा द्यायला तयार होता. "लढाईत माल कुठं मिळायलाय? इचार काय करतोस?" मित्र म्हणाला. माझं मन जवळजवळ झालंच होतं. सवय व्हावी म्हणून दिवाळीच्या सुटीत त्याचाच कॅमेरा मी बोरीला नेला.

तिथं एक कामही होतं. धाकटा भाऊ सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात होता. इकडे त्याला मुलगी झाली आणि तिकडे रजा मिळेना. लेकरू आणि त्याची आई, दोघींचा फोटो पाठव, असा त्याचा निरोप होता.

भावजय मुलीला मांडीवर घेऊन अंगणात बसली. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तसा तिचा पदर हनुवटीपर्यंत खाली आला. मी तिचा थोरला दीर. आमच्याकडे म्हणतात भाया. भायाला तोंड दाखवायचं नाही, त्याच्याशी बोलायचंही नाही, ही रीत.

"अगं, वर बघ की," आई म्हणाली.

"आत्याबाई, भाया समोर उभे हायेत. कसं बघू?"

मी सगळी बी.ए.ची अक्कल खर्चून समजावलं. पदर हलला नाही. फोटो तयार होऊन आला तेव्हा आईनं तो उन्हात धरून पाहिला. "ह्ये काय रं? गाठुड्यावर लेकरू ठिवल्यावानी!"

हा फोटो भावाला पाठवायची मला लाज वाटली.

संक्रांतीला जुना कॅमेरा घेऊन गेलो. द्यायच्या आधी उरलेल्या प्लेटांवर आईचा फोटो काढावा, एवढंच मनात होतं. आईला बाजेवर बसवलं, कापडात शिरलो. या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर माणूस उलटा दिसतो. उलट्या आईच्या शेजारी एकाएकी आणखी कुणीतरी येऊन बसलं. मांडीवर लेकरू, पदर कपाळाच्या वर, आणि तोंडभर हसू.

"आत्याबाई, भायांनीच पदर घेतलाय की! मंग मला कशाला?"

"बस लवकर, त्यो बाहीर निघायच्या आत," आई म्हणाली.

आतल्या आत प्लेट सरकवली, फुगा दाबला.

"आत्याबाई, झालं का इचारा त्यान्ला."

"झालं," मी कापडातूनच ओरडलो. "पदर घे म्हणावं, मी निघतो बाहेर."

परभणीला येऊन फोटो धुतला. भावजय सरळ समोर बघत होती, जसं नवऱ्याकडेच बघावं तसं. मुलगी मुठीत तिचा पदर धरून होती. एकही फराटा नव्हता. त्याच दिवशी तो सिकंदराबादला पाठवला.

मित्र कॅमेरा न्यायला आला, तेव्हा मी त्याला दुसरी प्रत दाखवली आणि घडलेलं सांगितलं. तो खूप हसला. "मंग भात्याला नवं चामडं आणतो. भोकं गेल्यावर तरी डोकं बाहीर काढशील का न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो. "चामडं आण, आन् प्लेटा मिळतील तेवढ्या आण."

नव्या कॅमेऱ्याचा विषय तिथंच मिटला. पुढच्या सुटीत बोरीला पोचलो तर आमच्या अंगणात गल्लीतल्या सुना लेकरांना नटवून बसल्या होत्या, आणि आधी कुणी बसायचं यावरून त्यांचं आईशी भांडण चाललं होतं.