चाचणीपुरतं रक्त

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत संगणक सांभाळणाऱ्या माणसाला सगळे शंकासुर म्हणायचे, तेही तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे; फक्त हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं याचा शोध तो अजून घेत होता. कुलूप लावून दोन पावलं गेला की ओढून बघायला परत यायचा. हल्ली जिना चढताना त्याला धाप लागायची, तर पायऱ्या नव्याने बांधताना गवंड्याने उंच केल्या असं तो छातीठोकपणे सांगायचा. अशा माणसाच्या हाती संगणकांचं जाळं दिलं की जाळं सुरक्षित राहतं आणि माणसं वैतागतात.

मध्यंतरी रिपोर्ट साठवणारा जुना संगणक थकला म्हणून वरच्या मजल्यावर नवा सर्व्हर आला. पंचाईत अशी की तपासणीचं यंत्र जुन्याच संगणकाचा पत्ता धरून बसलेलं, आणि तो बदलायची सोयच त्यात नव्हती. मग शंकासुराने जुन्या संगणकाला निरोप्या केलं. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा दिली: या पोर्टवर, म्हणजे या दारावर, कान देऊन बस, यंत्राकडून येईल ते जसंच्या तसं वर पोचव. तशीच दुसरी ओळ खालच्या लोकांसाठी, म्हणजे त्यांना जुन्याच पत्त्यावर वरचे रिपोर्ट दिसतील. आणि स्वभावाला औषध नसल्यामुळे, कोणत्या संगणकाने कोणता रिपोर्ट मागितला तेही पडद्यावर दाखवायला सांगितलं. डबा खाताना तो सरकत्या ओळी बघत बसायचा.

तिथेच त्याला ते दिसलं. कोपऱ्यातल्या संगणकावरून कुणीतरी रोज एकच रिपोर्ट उघडत होतं. आल्या आल्या, जेवणाच्या सुट्टीत, निघताना. पडद्यावर नुसता क्रमांक यायचा. रिपोर्ट वाचायची परवानगी त्याला नव्हती. स्वतःवरही भरवसा नको म्हणून ती त्याने स्वतःला दिलीच नव्हती. कुणीतरी पेशंटची माहिती बाहेर पुरवतंय, याबद्दल त्याची खात्री पटली. असं कुणी सापडलं तर प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरबाई त्याच दिवशी घरी बसवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या कोपऱ्यात तिघीचौघी आलटूनपालटून बसायच्या. त्याने सापळा लावला. जेवणाच्या सुट्टीत, खोली रिकामी झाल्यावर, दुसऱ्या ओळीत अट घातली की कोपऱ्यातल्या संगणकाला आत घ्यायचं नाही. सुट्टीत दुसरं कुणी तिथे काम करत नसे; आता तक्रार घेऊन येईल ती चोर.

वहिनी आल्या.

वहिनी, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको, तिथे रक्ताचे नमुने घ्यायच्या. शंकासुराला ही नोकरी त्यांच्याच शब्दावर लागली होती, आणि समोर उघडा असलेला डबाही त्यांनीच भरला होता.

"भाऊजी, माझ्याकडे रिपोर्ट उघडत नाहीये."

संशय खरा ठरल्याचं त्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"रोज कुणाचा रिपोर्ट बघता, वहिनी?"

वहिनींनी दाराकडे पाहिलं.

"मला इथे दिसतं सगळं. कुणाला देता? मला आत्ताच सांगा. बाईंना कळलं तर मी काही करू शकणार नाही."

वहिनींनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "तुमचाच बघते, भाऊजी."

तिथली एक पद्धत होती. यंत्राला नवं काही जोडलं की पेशंटचं रक्त धोक्यात घालायचं नाही; आपल्यापैकी कुणाचं तरी घालायचं आणि नावाच्या जागी 'चाचणी' लिहायचं. निरोप्याची ओळ सुरू केली त्या दिवशी शंकासुराने स्वतःच बाही वर केली होती. यंत्राने छापलेला कागद घेऊन तो वर गेला, वहिनींनी नव्या पडद्यावर उघडून दिलेल्या एकेका आकड्यावर बोट ठेवून त्याने तो जुळवला. सगळं तंतोतंत पोचलं होतं. खूश होऊन त्याने सगळ्यांना चहा पाजला होता.

"तुम्ही आकडे जुळवलेत," वहिनी म्हणाल्या. "वाचले नाहीत. पांढऱ्या पेशी भलत्याच वाढल्यात, साध्या तापाने वाढतात तशा नाही; हिमोग्लोबिनही पार उतरलंय. मला वाटलं यंत्र चुकलं, म्हणून उरलेलं रक्त परत लावलं. तेच आलं. बाई काही शेरा लिहितील म्हणून रोज उघडून बघते. पण वर नाव 'चाचणी'. त्या कशाला वाचतील?"

"त्यांना सांगायचं ना."

"तुम्हाला न विचारता? आणि तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होते? रोज डबा भरताना ठरवायचे की आज सांगायचं."

तो पडद्यावरच्या सरकत्या ओळींकडे बघत राहिला. वहिनींचे डोळे भरून आले. "म्हणा की काहीतरी. म्हणा, वाटेत कुणीतरी आकडे बदलले. सगळ्या जगावर संशय घेता, यावर घ्या की एकदा."

त्याने तोंड उघडलं. त्याला खरंच घ्यायचा होता. पण वाट त्यानेच बांधली होती, आणि एकेक आकडा त्याच्याच बोटाखालून गेला होता.

त्याने कोपऱ्यातल्या संगणकावरची अट काढून टाकली. मग डबा बाजूला सारून बाही वर केली.

"परत घ्या," तो म्हणाला. "आणि या वेळी माझं नाव लिहा."