आयरिश बाटल्यांची आणेवारी

माझं नाक म्हणजे मावळातलं आठवं आश्चर्य, असं मी स्वतः म्हणत नाही. कामशेतच्या बाजारात तसं बोललं जायचं, आणि लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

दुसरं महायुद्ध लागायला अजून काही वर्षं होती. मी कामशेतला एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे पारखी होतो. पारखी काय करतो, तर तांदळाची मूठ भरतो, तिच्यावर गरम श्वास सोडतो, मूठ झाकतो आणि आतला दाणा घामेजला की नाक खुपसतो. बाकीचे पारखी तेवढ्यावर आंबेमोहर की कोळंब एवढंच सांगत. मी वावर सांगायचो, वावराचा बांध सांगायचो. इंदुरीकडच्या एका म्हाताऱ्याला मी भर बाजारात म्हणालो होतो, "आबा, लावणीच्या वेळी तुमच्या खाचरात म्हैस बसली होती."

म्हातारा हादरला. "बसलती," तो म्हणाला, "पन लगीच उठवली की वं!"

असं नाक. दारूशी मात्र त्याचा संबंध नव्हता. मी आईला शब्द दिला होता की घशाखाली दारूचा थेंब जाणार नाही. आता हा शब्द नीट ऐका: घशाखाली. जिभेबद्दल आई काही बोलली नव्हती, आणि नाक तर तिच्या ध्यानातच आलं नसावं.

लोणावळ्याला एक पारशी शेटजी होते. त्यांच्या दुकानात बंगलेवाल्यांसाठी आणि रेल्वेच्या साहेबांसाठी बिस्किटं, डब्यातलं चीज आणि परदेशी दारू मिळायची. स्वतःला मात्र आमच्याच पेढीचा आंबेमोहर लागायचा. त्या भाद्रपदात मी मणभर तांदूळ घेऊन गेलो. त्या वर्षी पाऊस कसा झाला होता म्हणाल, तर भुशीचे बेडूक अंग वाळवायला पुण्याच्या गाडीत बसत, आणि तिकीट विचारलं की तळेगावला उतरून जात. मी स्वतः दोघांना पाहिलं आहे.

शेटजी काउंटरमागे डोकं धरून बसले होते. त्यांच्यामागे फळीवर शे-सव्वाशे हिरव्या बाटल्या, सगळ्या बहिणी-बहिणींसारख्या, आणि एकीच्याही अंगावर लेबल नाही.

"डिकरा, मी मेला," शेटजी म्हणाले.

झालं होतं असं. शेटजींनी होतं नव्हतं ते घालून आयर्लंडची व्हिस्की मागवली होती, चार जातींची. खोकी ओली झाली म्हणून हमालानं सगळ्या बाटल्या काढून फळीवर ओळीनं मांडल्या. लोणावळ्याच्या ओलीनं लेबलांची खळ सुटली, खाली पडली ती कसरीनं खाल्ली, आणि बुचांवरच्या शिक्क्यांवर बोटभर बुरशी आली. आता कुठली कोणती, ते फक्त परमेश्वराला ठाऊक.

"मग वेगळ्या ओळखू येईपर्यंत विकू नका," मी म्हणालो.

"रविवारी सेक्रेटरी येतो ने!" शेटजी ओरडले.

रेल्वेच्या साहेबलोकांचा क्लब होता. त्याचा सेक्रेटरी इंजिनशेडचा फोरमन, जातीचा आयरिश. क्लबात वर्षभर कुठली व्हिस्की प्यायची हे तो रविवारी ठरवणार होता. त्यानं सांगून ठेवलं होतं की चारही जाती समोर ठेव, चवीला कुठली आणि पैशाला कुठली ते नीट सांग. एक जरी चूक सापडली तरी माल पुण्याच्या कॅम्पातून येईल. "अने ते आर्डर गया," शेटजींनी गळ्यावरून बोट फिरवलं, "तो दुकानला कुलूप. पछी मी तुझ्या कामशेतला हमाली करेल."

शेटजींच्या दंडाकडे बघून मला हमालीचीच कीव आली. मी म्हणालो, "शेटजी, तुमचं बीजक काढा."

बीजकात चार जाती, चार भाव, आणि प्रत्येक जातीचे डझन वेगवेगळे. मी एकेक बाटली घेतली, बुरशी पुसली, बूच तळहातानं चोळून गरम केलं, श्वास सोडला आणि हुंगलं. बंद बुचातून वास येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्याशी वाद घालू नये, स्वतःच्या नाकाशी घालावा. दुपारपर्यंत चार ढीग झाले. शेटजींनी मोजले. चारही ढिगांचे डझन बीजकाशी तंतोतंत जुळले. शेटजींनी माझ्या नाकाचा मुका घेतला.

मग प्रत्येक ढिगातली एक बाटली फोडली. मला तांदळाची रीत तेवढी ठाऊक, म्हणून मी तीच लावली. तळहातावर चार थेंब, दोन्ही हात चोळायचे, श्वास, नाक, मग जिभेचा शेंडा, आणि लगेच पिकदाणीत थू. पिकाची काढतात तशी मी आणेवारी काढली, सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. वासाची वेगळी, भावाची वेगळी.

पहिल्या बाटलीत भाजलेले जव होते, त्यावर मधाचा हात होता, आणि मागून कुठून तरी कच्च्या पेरूची साल येत होती. "हा आंबेमोहर," मी म्हणालो, "जुना. वासाला पंधरा आणे. पण तुमच्या बीजकात सगळ्यात महाग, तेव्हा भावाला दहा." दुसरीत सागवानी पेटीत कुणी मनुका विसरलं होतं. ती जिरेसाळ: चौदा आणि तेरा. तिसरी सर्वांत स्वस्त. तिच्यात दिखावा नव्हता, नुसता स्वच्छ गोडसर धान्याचा वास, रोजच्या जेवणाला बसावं असा. "कोळंब. वासाला अकरा. भावाला पुरे सोळा आणे!"

"अने चौथी?" शेटजींनी विचारलं. ती बीजकात दुसऱ्या नंबरची महाग होती.

चौथीनं माझ्या डोळ्यांत पाणी आणलं. "कणी," मी म्हणालो. "तीही गिरणीच्या खालची झाडलेली. वासाला चार आणे, भावाला एक. गुडघ्याला चोळायला मात्र बरी."

"ते कणी मी बे डझन घेतली!"

"मग शेटजी, गुडघे सांभाळा."

थेंब घशाखाली गेला नव्हता हे मी शपथेवर सांगतो. पण सव्वाशे बाटल्या हुंगल्यावर नाकानं स्वतःची सोय केली असावी. परतताना लोणावळा स्टेशनात मी एका मालगाडीला वाकून नमस्कार केला आणि तिची ख्यालीखुशाली विचारली. घरी आईनं अंगणातूनच हुंगलं. माझं नाक कुणाकडून आलं, ते त्या दिवशी मला कळलं.

"तितंच उबा ऱ्हा," ती म्हणाली. "काय पिऊन आलास?"

"आये, तांदूळ पारखला."

"तांदूळ व्हय? मंग चुलीपुढून जाऊ नगं. पेटशील."

रविवारी मी पुन्हा दुकानात हजर होतो. अकरा वाजता सेक्रेटरी साहेब आला. साहेब दारातून आत येईना, म्हणून दुकान थोडं मागं सरकलं, असा त्याचा देह. मिशा विटेच्या रंगाच्या, आवाज घाट चढणाऱ्या इंजिनाचा. मागे त्याचा बटलर, कान्ह्याकडचा माणूस, फडक्यात गुंडाळलेली एक बाटली उराशी धरून.

साहेबानं फडकं सोडलं. बाटलीवर नवंकोरं, चकचकीत लेबल. "मेरा बहन ने डेढ़ महीना पहले भेजा," साहेब म्हणाला. "मेरे गाँव का दारू. ये भी चार में मिलायेगा. तुम्हारा आदमी सच्चा है तो पकड़ेगा."

मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. साहेबानं शेटजींकडून आमची चारही तांदळाची नावं विचारून घेतली, स्वतःच्या हातानं पाच पेले भरले, जागा उलटसुलट केल्या आणि कुठल्या पेल्यात काय त्याची कागदावर खूण केली. मी वळलो. शेटजींनी डोळे मिटून अग्यारीच्या दिशेनं हात जोडले होते.

पहिला पेला कोळंब. दुसरा कणी, तो तर मी पेल्याला हात न लावताच सांगितला. तिसरा जिरेसाळ. पाचवा आंबेमोहर. साहेब कागदावरची खूण बघत होता आणि दरवेळी "हो!" म्हणून मांडीवर थाप मारत होता. उरला चौथा.

चौथ्याचा वास काय सांगू! जव, मध, ताजं लोणी, पावसाआधीचं गवत. असा वास माझ्या नाकानं ना आधी घेतला, ना नंतर. पण त्याच्या पाठीमागून दुसराच एक वास हळूच डोकं काढत होता. शेवाळ. पितळेची घागर. पोहऱ्याचा दोर. इंजिनशेडमागच्या साहेबाच्याच बंगल्याची विहीर! अर्धी बाटली विहिरीचं पाणी होतं.

मी थुंकायला वळलो. पिकदाणी धरायला बटलर कधी पुढे आला होता कुणास ठाऊक. ओठ न हलवता तो पुटपुटला, "भाऊ, पाया पडतो. लय न्हाई, रोज वाईच घेतली."

आता बघा कात्री. ही दारू भिकार आहे म्हणावं, तर साहेबाच्या बहिणीचा अपमान, शेटजी हमालीला. सगळ्यांत उत्तम म्हणावं, तर साहेब क्लबाला हीच मागवणार, शेटजी हमालीला. पाणी पकडलं नाही, तर उद्या दुसऱ्या कुणी पकडलं की माझं नाक खोटं, शेटजी पुन्हा हमालीला. आणि पकडलं, तर बटलरच्या पोटावर पाय.

"साहेब," मी म्हणालो, "वासाला सोळा आणे."

साहेब फुलला.

"आणि भावाला आठ."

"आठ? आधा क्यूँ?"

"कारण साहेब, बाटलीत अर्धीच दारू आहे. बाकी पाणी."

पिकदाणी खाली पडली. साहेब मिशांइतकाच लाल झाला आणि अख्खा देह सावकाश बटलरकडे वळवू लागला. त्या देहाला वळायला वेळ लागायचा, हे आमचं नशीब.

"हवा, साहेब!" मी ओरडलो. "लोणावळ्याची हवा! श्रावण-भाद्रपदात इथली ओल बुचातून आत शिरते. आमच्या गावात मिठाचे खडे पोहायला शिकतात. तुमची बाटली दीड महिना बंगल्यात राहिली, ती तेवढा पाऊस प्यायली."

साहेब थांबला. मग त्यानं फळीकडे बोट केलं. "तो इधर क्यूँ नहीं घुसा? ये बोतल भी तो इधर ही बैठा है!"

आयुष्यात पहिल्यांदा माझी थाप मध्येच संपली. आणि तेवढ्यात शेटजी, जे दोन दिवस धड पाणीही प्यायले नव्हते, ते काउंटरवर मूठ आपटून उभे राहिले.

"लेबल, साहेब! लेबल जुओ!" शेटजी म्हणाले. "हवा भुकी असते. इथे तिनं लेबल खाल्लं, पेट भरलं, बुचला हात नाय लावला. तुमच्या बाटलीचं लेबल केवढं फर्स्ट क्लास! एक कोपरा खाल्लेला नाय. पछी ती कुठे जाणार? अंदर!"

साहेबानं स्वतःची बाटली उचलली. चकचकीत लेबल पाहिलं. आमच्या उघड्याबोडक्या बाटल्या पाहिल्या. बटलरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि मग तो असा हसला की वरच्या पत्र्यावर साठलेलं पाणी एकदम खाली कोसळलं.

"मेरे मुलुक में भी," डोळे पुसत तो म्हणाला, "बहुत बारिश होता. और ऐसा ही आदमी लोग होता."

त्याला खरं कळलं नाही असं मी म्हणणार नाही. जाता जाता बंगल्याच्या कपाटाची किल्ली त्यानं बटलरकडून मागून स्वतःच्या खिशात टाकली. क्लबाची ऑर्डर तिथल्या तिथे झाली: रोजच्यासाठी कोळंब, नाताळाला आंबेमोहर, आणि कॅम्पातून येणाऱ्या आगाऊ पाहुण्यांसाठी दोन डझन कणी. माल बंगल्यात साठवायचा नाही, दर शनिवारी ताजा न्यायचा. आणि शेवटची अट साहेबानं बोट रोखून सांगितली. लेबल असलेली एकही बाटली क्लबात चालणार नाही.

त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात नवा माल आला, कोरडा, खणखणीत, प्रत्येक बाटलीवर सोनेरी अक्षरांचं लेबल, तेव्हा शेटजींनी मला कामशेतहून बोलावून घेतलं. मी गेलो तर ते बाह्या सारून गरम पाण्याच्या घंगाळाशी बसले होते. एकेक बाटली बुडवून, नखानं खरवडून, लेबलं सोलत होते. निम्म्याहून जास्त झाल्या होत्या.

"शेटजी, सोलण्याआधी चार जाती वेगळ्या ठेवल्यात ना?" मी विचारलं.

शेटजींचा हात घंगाळात तसाच राहिला.

"डिकरा," ते म्हणाले, "जेवून घे. पछी बस हुंगायला."