वल्ह्यासारखी पावलं

धाराशिवच्या जलतरण तलावावर नातीला घेऊन येणारे एक गृहस्थ मला रोज भेटत. उंच, लांब हातांचे, आणि पावलं एवढी मोठी की चपला मापानं शिवून घ्याव्या लागत. लेकीचा टॉवेल, टोपी, चष्मा तपासून मी बाकावर टेकले की त्यांचं सुरू व्हायचं. "ताई, तुमच्या पोरीचं पाऊल लई बारकं हाय. पव्हणाऱ्याचं पाऊल वल्ह्यावानी पायजे. ते देवानंच द्यावं लागतंय."

जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर आलेली, आणि लेक काठावर स्वतःची पावलं बघत बसायला लागली. "आई, माझं नाव काढून टाक," ती म्हणाली, तेव्हा माझा संयम संपला.

"काका, तुम्हाला तर देवानं भरभरून दिलंय. दाखवा की पोहून!"

त्यांनी पाय मागे ओढले. "लहानपणी पव्हाया शिकवायला पाठीला पत्र्याचा डबा बांधून हिरीत ढकललं. दोरी सुटली. तवाधरनं पाण्यात उतरलो न्हाय."

लेक ऐकत होती. तिनं त्यांची पावलं पाहिली, आणि उठून पाण्यात उडी घेतली.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ पुन्हा हजर. "ताई, पोरीचे हातबी आखूडच हायेत."

लेक ऐकायला थांबलीच नाही. तिच्या उडीचं पाणी बाकापर्यंत आलं, आणि काकांनी पाय पटकन वर घेतले.