कानपिळीचा मान

सत्तावन्न साली दिघीत माझं लग्न लागलं. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, पण आम्हाला भाऊच नव्हता. तेव्हा चुलत्यानं आपला पोरगा पुढं केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी थोरली बहीण द्वारकाआक्का तिथंच मांडवाच्या कडेला परक्यासारखी उभी होती.

नवऱ्यानं टाकल्यावर ती पिंपरीला औषधाच्या कारखान्यात लागली. दिवसभर बाटल्यांची झाकणं पिळायची. बाईमाणूस कारखान्यात जातं, म्हणून आमचे वडील, आबा, दोन वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. लग्नाचं बोलावणंही माझ्या हट्टापायी गेलं होतं.

"कान आक्का पिळंल," मी बोहल्यावरून ओरडले, "न्हाईतर मी उठते!"

सगळे आबांकडं बघू लागले. आबांनी मान खाली घातली, पण नाही म्हणाले नाहीत. आक्का पुढं आली आणि तिनं असा कान पिळला, की नवरदेव "मेलो!" म्हणून ओरडला.

वरपक्षानं कान पिळणाऱ्या भावाच्या मानासाठी आणलेला फेटा आबांनी उचलला आणि स्वतःच्या हातानं आक्काच्या डोक्याला बांधला. मग कान चोळणाऱ्या जावयाला छाती फुगवून म्हणाले, "जपून ऱ्हावा, पाव्हणं. कारखान्याचा हात हाय त्यो!"