मुलीच्या आधी आलेली कादंबरी

लोकांकडे मुलीची पत्रिका येते. आमच्याकडे कादंबरी आली.

नवं मध्यप्रदेश राज्य झालं होतं आणि राजधानी ग्वाल्हेरहून उठून भोपाळला चालली होती. ग्वाल्हेरातली आमची वस्ती, लश्कर, अर्धी सामान बांधत होती. त्यात तात्यासाहेबांचं सरकारी दफ्तरही निघालेलं. त्यांची मुलगी सुमन मला गणेशोत्सवातल्या वादविवादात दिसली होती, आणि तेव्हापासून मी तिच्या घराजवळ, इंदरगंजच्या चौकात बिनकामाचा उभा राहायला लागलो होतो. ती भोपाळला गेली की मी संपलोच! आईनं कशीबशी बघण्याची बोलणी लावली, तर तात्यासाहेबांचा निरोप आला: "रविवारी या. त्याआधी मुलानं एवढं वाचावं. आम्ही बाप-लेकीनं मिळून लिहिलंय."

कादंबरी कॉलेजातल्या पोरापोरींसाठी, अगदी ताज्या काळातली. (नाव सांगत नाही, विसरायला फार मेहनत घेतलीय.) एक प्रकरण माधव सांगतो, पुढचं लता. माधव सायकलवरून पडायचा, मास्तरांच्या नकला करायचा. तिथे मी दोनदा हसलोसुद्धा. लता रडायची. खिडकीत रडायची, जिन्यात रडायची, एकदा तर जिलबी खाताना रडली! तिथे मला डुलकी लागायची.

"कशी आहे रे?" आईनं विचारलं.

"ठीकठाक."

"ठीकठाक काय मेल्या! मुलीचं लिखाण तोंड भरून वाखाण. बापाचं थोडं राहिलं तरी निभेल."

माधव बापाचा आणि लता मुलीची, हे आम्ही मायलेकरांनी परस्पर ठरवूनही टाकलं.

रविवारी गेलो, तर खुर्च्या बांधून झालेल्या. आम्हाला ट्रंकांवर बसवलं. सुमननं तीळ-गुळाच्या गजकेची बशी पुढे ठेवली आणि खुशाल समोरच्या वळकटीवर बसली.

"हं, बोला," तात्यासाहेब म्हणाले. "अगदी मनमोकळं!"

मी घसा खाकरला. "लतेची प्रकरणं म्हणजे काय सांगू! ते रडणं! छे, पुरुषाला सात जन्मांत सुचायचं नाही!"

"आणि माधव?" सुमननं विचारलं.

"माधव जरा... वयस्कर वाटतो," मी नम्रपणे म्हणालो. "हात अनुभवी आहे, पण तरुण मुलं अशी नसतात हो."

सुमनच्या हातातली गजक हातातच राहिली. तात्यासाहेब मात्र ताडकन उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते! "ऐकलंस सुमन? आणि तू म्हणत होतीस, रडणं कमी करा! अहो, लता मी लिहिलीय, मी! माधव हिचा!"

आईनं पाठीमागून असा चिमटा काढला की मीच लतेसारखा रडलो असतो.

"तसं पाहिलं तर... माधवच जास्त आवडला," मी घाईघाईनं म्हणालो. "सायकलवाला किस्सा तर लाजवाब!"

तात्यासाहेब खाली बसले. "मग लतेचं रडणं?"

"वो... थोडा ज्यादा हो गया." (घाबरलो की मी हिंदीत जातो.)

"आत्ता तर वाखाणलंत!"

"तेव्हा मला मालूम नव्हतं ना, कोणाचं आहे ते!"

झालं! बापही गेला आणि लेकही गेली. आई छताकडे बघायला लागली.

"एक विचारू?" सुमन म्हणाली. "आम्ही दोघं इथे नाहीच असं समजा. पुस्तक कसं वाटलं?"

आता गमावायला उरलंच काय होतं? "ठीकठाक," मी म्हणालो. "माधव पडला तिथे हसलो. लता रडली तिथे झोपलो. दोघांचं जमणार हे तिसऱ्या प्रकरणातच कळलं. पुढे ते कधी एकदा उरकतात याची वाट बघत बसलो. पण गाडीत दुसरं काही हाताशी नसलं, तर पुन्हा वाचीन."

आई पदर सावरत उठलीच. "चल रे. बाड्यावरच्या बाजारातून भाजी घेऊन जाऊ."

"थांबा," तात्यासाहेब पडेल आवाजात म्हणाले. "मुलीलाही विचारलं पाहिजे. सुमन, मुलगा कसा वाटला?"

बाजारात वांगं फिरवून बघावं तसं तिनं मला वरून खालून बघितलं.

"दिसायला बेताचे. अक्कल बेताची. खोटं बोलायला गेले की जागच्या जागी पकडले जातात." तिनं हातातली गजक मोडली. "नवरा म्हणून सोयीचे आहेत."

माझ्यावर एवढी सविस्तर समीक्षा पुन्हा कोणी केली नाही. आणि खरं सांगतो, इतका संसार झाला, पण त्यातलं एक वाक्य मला अजून खोडून काढता आलेलं नाही!