पदर सुटलेली अक्षरं

गेल्या आठवड्यात सुनेने मला चक्क एक शंका विचारली. मंजिरी, माझी सून, वीस वर्षं शाळेत शिकवतेय आणि मला अक्षरओळख नाही… तेव्हा हा प्रसंग साधा नाही. (मी बोलतेय, टाइप तीच करतेय. मधे स्वतःचं कौतुक वाढवलं असेल तर मला कळायचं नाही.)

मंजिरी ब्लॉग लिहिते. आज वर्गात काय केलं, काय फसलं, सगळं त्यात. मग कुठकुठले मास्तर आणि बाई त्याखाली कॉमेंट करतात, आणि ही कर्वेनगरात बसून त्यांच्या ब्लॉगवर. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण कुणाच्या वर्गात काय अडलंय ते सगळ्यांना ठाऊक! मला वाटायचं, दिवसभर पोरांशी बोलून हिचं पोट भरत नाही का…

या वेळी अडलं होतं हिचंच. दुसरीच्या वर्गातल्या राणीने 'घोडा'चं 'धोडा' वाचलं आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून पोरगी वाचायला उभीच राहीना. दोन आठवडे झाले, पुस्तक काढा म्हटलं की तिच्या पोटात दुखायचं.

मंजिरीने हे जसंच्या तसं लिहिलं. वर लिहिलं, मला जमत नाहीये, काय करू? इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईने असं चारचौघांत कबूल करायचं… मी तर आमटीत मीठ जास्त पडलं तरी कबूल करत नाही.

पुष्कळांनी उपाय सुचवले. त्या कॉमेंट ती मला रोज वाचून दाखवते. चंद्रपूरकडच्या एका मास्तरांची वाचायला लागली… "ताई, आपल्याला अक्षरं येतात हीच अडचण आहे. ज्याला येत नाहीत अशा कुणाला तरी विचारा." आणि पुढची कॉमेंट न वाचताच उठली.

चहा केला. बिस्किटं आणली. पुन्हा चहा हवा का विचारलं. शेवटी मीच म्हटलं, "अगं, अडाणी माणूस हवंय ना? हजर आहे. दाखव."

तिने कागदावर दोन मोठी अक्षरं काढली. "आई, यात तुम्हाला काय वेगळं दिसतं?"

मी चष्मा लावला. म्हटलं, "ही बाई डोक्यावरून नीट पदर घेऊन बसलीय. आणि हिचा अर्ध्यावरून सुटलाय, अंबाडा दिसतोय." पहिला घ होता म्हणे, वरची रेघ पूर्ण; दुसरा ध, रेघ अर्धवट. मग तिने म आणि भ काढले… तिथंही तेच! मंजिरीने लगेच ते लिहून घेतलं.

हे ब्लॉगवर गेलं आणि कॉमेंटचा पाऊस. कोल्हापूरच्या बाईंनी सुचवलं, आजींना थ दाखवा. (थसुद्धा अंबाडेवालीच.) नंदुरबारच्या मास्तरांनी पदराऐवजी टोपी केली. एका बाईंनी अगदी नम्रपणे लिहिलं, मुलींना डोक्यावरचा पदर कशाला शिकवायचा? बरोबर आहे त्यांचं. मी म्हटलं, "मंजिरी, लिही… मला पदर सुटलेल्याच जास्त आवडल्या."

ही पदराची खूण मंजिरीने वर्गातही सांगितली. काल शाळेतून आली ती चपला न काढताच सांगत सुटली. राणी आपणहून उभी राहिली. पुन्हा 'धोडा' म्हणाली, थांबली, आणि वर्ग हसायच्या आत स्वतःच हसली. "बाई, पदर बघायचाच राहिला!" मग 'घोडा' वाचलं आणि पुढची अख्खी ओळही.

सांगताना हिचे डोळे भरले होते. (हे तिने टाइप केलं की नाही, कुणीतरी मला कळवा.)

मला मात्र या सगळ्या न पाहिलेल्या मास्तरांचं आणि बायांचं कौतुक वाटतं. एका पोरीच्या एका अक्षरासाठी एवढी माणसं आपापलं काम संपवून डोकं लावत बसली. आणि सूनबाईंचंही… सही की अंगठा, एवढंच मला आजवर लोक विचारत आले. तुम्हाला काय दिसतं, हे पहिल्यांदाच कुणी विचारलं. फार बरं वाटलं.